पहिल्या पानावरचा चेहरा

माझ्या नणंदबाईंनी आयुष्यात एकाच माणसावर सूड उगवला, आणि तो उगवायला त्यांना सहा वर्षं लागली. घाई हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद टाइप करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली असते: घाई केली की तेच पान पुन्हा मारावं लागतं.

आमचा दोघींचा मिळून एकच गाळा आहे. मध्ये छातीएवढं लाकडी पार्टिशन. पुढच्या अर्ध्यात मी बसते आणि कपडे दुरुस्त करते. पँटची उंची, जॅकेटची चेन, कोटाचं फाटलेलं अस्तर, असली कामं. मागच्या अर्ध्यात ताई. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कोणाचा प्रबंध, कोणाच्या कवितांची वही. दिवसभर माझं मशीन खडखडायचं आणि त्यांचा कळफलक खटखटायचा. गल्लीत त्यांचं नावच खटखटबाई पडलं होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे ताईच म्हणत, कारण ताईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी समोरचा आपल्या अर्जातल्या चुका आपणहून कबूल करायचा.

लग्न त्यांनी केलं नाही. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ, त्याला त्यांनीच वाढवलं. मी घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्याच, त्यामुळे सासू आणि नणंद या दोन्ही जागा ताईच सांभाळत. पण त्रास कधी दिला नाही. एवढंच, की मी चिठ्ठीत ‘दूध’ला ऱ्हस्व उकार दिला तर तो लाल पेनाने दीर्घ करून मगच दूध आणायला जायच्या.

गल्लीच्या तोंडाशी कम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदार चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणं असं की ‘नको’ म्हणायला गेलेला माणूस खोकं घेऊन बाहेर पडायचा. घरात आम्ही त्याला गुळगुळ्या म्हणायचो. ताईंचा कम्प्युटर त्याच्याकडचाच. आतले सगळे प्रोग्रामही त्यानंच घालून दिले होते, पानं जुळवायचा मोठा महागडा प्रोग्रामसुद्धा. ताईंनी तेव्हा विचारलं होतं, “हे सगळं रीतसर आहे ना?” तो म्हणाला, “ताई, तुम्हाला मी काय चोरीचं देईन?” आणि पावतीवर लिहून दिलं, ‘सर्व सॉफ्टवेअरसह’.

त्याची एक सवय होती. विकलेल्या प्रत्येक कम्प्युटरमध्ये ब्राउझर उघडला की पहिलं पान त्याच्या दुकानाचं यायचं, आणि त्यावर तो स्वतः हात जोडून हसत उभा. इंटरनेटवर काहीही बघायचं असो, आधी गुळगुळ्याचे दात बघायचे. ते बदलता येतं हे गल्लीत कोणाला ठाऊकच नव्हतं.

आता गवतवाल्या मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापासून सुरू झालं. निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी गवतं गोळा केली होती. डोळे अधू झालेले, लिहिता येत नव्हतं. म्हणून रोज अकरा वाजता बुटांच्या खोक्यात वाळलेली गवतं घेऊन यायचे आणि ताईंना सांगायचे. एकेक काडी बोटांनी चाचपायची आणि बोलायला लागायचं. मध्येच काडी ताईंच्या हातात द्यायचे. “चुरगाळून बघा. लिंबासारखा वास येतो की नाही?” ताई हुंगायच्या, मग टाइप करायच्या. मास्तरांनी सांगितलं म्हणून त्यांनी कधी काही टाइप केलं नाही, आधी हुंगायच्या. दोन वर्षांत चारशेतीस गवतं झाली. पुस्तकात पाचशे व्हायची होती.

एका मंगळवारी दुपारी तीन माणसं आली. दोन त्या प्रोग्रामच्या कंपनीची, एक सरकारी अधिकारी. मी एका कोटाची बाही उसवत बसले होते. त्यांनी ताईंना उठवलं आणि कम्प्युटर तपासला. “हा प्रोग्राम कुठून आणला?” ताईंनी फाइलमधून पावती काढून समोर धरली. कंपनीचा माणूस म्हणाला, “बाई, यावर लायसन्सचा नंबर कुठे आहे? असल्या पावत्या आम्ही रोज बघतो.”

तारा काढल्या, मशीन उचललं. दारात दहा-बारा माणसं गोळा झाली होती. “खटखटबाई चोरीचं वापरत होत्या म्हणे,” कोणीतरी म्हणालं, हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल इतपतच हळू. मास्तर मांडीवर खोकं घेऊन खुर्चीत बसून होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. ते विचारत राहिले, “ताई, वीज गेली का?”

जप्तीच्या कागदावर सही करताना ताईंनी अधिकाऱ्याला विचारलं, “एवढ्या मोठ्या गावात माझाच पत्ता कसा सापडला?” त्यानं सहीच्या जागेवर बोट ठेवलं. पण त्याच्या पॅडवर एक यादी होती, आणि उलटा कागद सरळ वाचणं हे ताईंच्या धंद्यातलंच कसब. एकोणीस नावं होती. सहावं ताईंचं. आमच्या आडनावात वेलांटी दुसरी असते. यादीत ती पहिली होती. ती चूक या जगात एकच माणूस करायचा. अकरा वर्षांच्या प्रत्येक पावतीवर त्यानं केली होती.

ताई तडक गल्लीच्या तोंडाकडे निघाल्या. मी मशीन बंद करून त्यांच्या मागे धावले. गुळगुळ्या दुकानात काच पुसत होता. वर नवीन पाटी लागलेली: ‘अधिकृत विक्रेते’.

“तुम्ही दिलीत ती यादी?” ताईंनी विचारलं.

त्यानं नाकारलंसुद्धा नाही. “ताई, बसा ना. माझा नाइलाज झाला हो. एजन्सी हवी तर कंपनीला काहीतरी दाखवावं लागतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आता एकदम ओरिजिनल घ्या, मी स्वतः येऊन बसवून देतो.”

“माझ्या मशीनमध्ये तो प्रोग्राम घातला कोणी?”

“ते सिद्ध कोण करणार, ताई?” तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की मला आधी वाटलं काहीतरी चांगलंच बोलतोय.

ताईंनी पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, “तू आता बघ.”

अकरा वर्षं त्याला त्या ‘तुम्ही’ म्हणत आल्या होत्या. लहान मुलालाही अहो-जाहो करणारी बाई. त्या एका ‘तू’नं मला जितकी भीती वाटली तितकी त्या तिघांना बघून वाटली नव्हती.

मशीन चार महिन्यांनी परत आलं, आतून पुसून कोरं. मास्तरांचं पुस्तक ताईंच्या पर्समधल्या पेनड्राइव्हवर होतं, तेवढंच वाचलं. पण ती फाइल त्या प्रोग्रामशिवाय उघडायलाच तयार नाही. ताईंनी मन मारून दुसऱ्या गावातून नवा, रीतसर प्रोग्राम मागवला. नव्यात जुनी फाइल उघडेना. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, ती आवृत्ती आता बंद झाली.” ताई म्हणाल्या, “आवृत्ती तुमची बंद झाली. गवतं आमची आहेत.” मुलीला काय कळणार? तिनं दुसरा काही प्रश्न आहे का म्हणून विचारलं.

या भानगडीत मास्तर आजारी पडले. ताई रोज त्यांच्याकडे जायच्या. ते विचारायचे, “किती झालं?” ताई सांगायच्या, “झालंय सगळं. नुसतं छापायचं राहिलंय.” ज्या बाईनं कधी चुकीचा स्वल्पविराम सोडला नाही तिनं तीन आठवडे रोज हे खोटं सांगितलं. मास्तर गेले. त्यांना पोचवून आल्यावर ताईंनी हातपाय धुतले, पार्टिशनवर कोपर टेकवले आणि मला म्हणाल्या, “अगं, त्या माणसाकडे मी या गल्लीतलं एकही गिऱ्हाईक राहू देणार नाही.”

मी म्हटलं, रागात बोलताहेत, चार दिवसांनी निवळेल. निवळायचं नव्हतं ते.

ताई वाचनालयात जायला लागल्या. तिथल्या ग्रंथपालाच्या कम्प्युटरवर सगळे प्रोग्राम मोकळे होते, म्हणजे ज्यांची आतली रचना कोणालाही बघता येते, बदलता येते, वाटता येते असे. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधून मोडीत निघालेला एक कम्प्युटर ताईंनी मागून आणला आणि त्यावर लिनक्स ही असलीच मोकळी यंत्रणा बसवली. वय बावन्न. पहिल्यांदा पडदा काळा झाला, दुसऱ्यांदा आवाज गेला, तिसऱ्यांदा सगळं चाललं पण प्रिंटर रुसला. ताई एका वहीत लिहीत जायच्या: काय केलं, काय बिघडलं. पाचव्या वेळी प्रिंटरनं कागद ओढला तेव्हा मी टाळी वाजवली. ताई म्हणाल्या, “समास चुकलाय.”

फुकट मिळतं म्हणून हे सगळं चाललंय असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. एकदा जेवताना तसं बोलून गेला. ताईंनी घास खाली ठेवला. “फुकट तर त्यानंही दिलं होतं. काय झालं? मला फुकट नको, मोकळं हवं. उद्या बनवणारा मेला, बुडाला, नाही तर त्याची नियत फिरली, तरी माझं काम माझ्या हातात राहिलं पाहिजे. हा पहिला प्रश्न. याचं उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरा प्रश्न विचारायचाच नाही.”

मास्तरांची फाइल उघडली ती अशाच एका मोकळ्या प्रोग्राममध्ये. जगाच्या पाठीवर कुठे कुठे बसलेल्या माणसांनी, पगार नाही की काही नाही, त्या बंद पडलेल्या आवृत्तीचं कुलूप कसं उघडायचं ते शोधून ठेवलं होतं. पण आत निघाला नुसता गोंधळ. जुन्या फॉन्टमधली अक्षरं नव्या युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आली की भलतीच दिसतात. ‘किनारा’ लिहिलेलं ‘कनिारा’ व्हायचं, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा, जोडाक्षरांच्या जागी आकडे. ताईंनी तक्ता केला: हे चिन्ह म्हणजे हे अक्षर. पाच महिने बसून त्यांनी चारशेतीस गवतं एकेक करून उभी केली. मास्तरांच्या मुलीनं ते पुस्तक छापलं. पहिली प्रत ताईंच्या हातात देताना ती रडली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि म्हणाल्या, “सत्तर राहिली.”

मला वाटलं, झालं आता. फाइल उघडली, पुस्तक निघालं, रागाला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ताई पदर खोचून समोरच्या चष्मेवाल्याकडे निघालेल्या.

“अहो, तुमच्या कम्प्युटरवर तो मेला रोज हसतो ना पहिल्या पानावर, तो काढून देऊ का?”

चष्मेवाला म्हणाला, “काढता येतो?”

ती सुरुवात. ताई बसल्या, चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि गुळगुळ्याचा चेहरा गेला. ब्राउझरच्या माथ्यावर त्यानं चिकटवलेल्या तीन जाहिरातींच्या पट्ट्या गेल्या. मग त्यांनी त्याला फायरफॉक्स हा मोकळा ब्राउझर घालून दिला आणि शेजारी उभं करून सगळं समजावलं. “ब्राउझर निवडताना दिसण्यावर जायचं नाही. जुन्या मशीनवर पंधरा पानं उघडायची आणि बघायचं, धापा टाकतो का. मग बघायचं, तुम्ही कुठे गेलात, काय बघितलंत, हे तो कोणाकोणाला सांगतो, आणि नको म्हटलं तर ऐकतो का. आणि उद्या दुसऱ्याकडे जायचं ठरलं तर तुम्ही जपलेल्या पानांच्या खुणा, तुमचे पासवर्ड मुकाट बरोबर देतो का. निघताना जो दार अडवतो तो आपला नव्हे.”

चष्मेवाल्याला यातलं किती कळलं देव जाणे, पण मशीन भराभर चालायला लागलं ते त्याला दिसलं. त्यानं औषधवाल्याला सांगितलं. औषधवाल्यानं दातांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पार्टिशनच्या आतल्या बाजूला ताईंनी एक कागद लावला होता, गुळगुळ्याच्या गिऱ्हाइकांचा. कुठे त्याचा चेहरा पुसून आल्या की एकेका नावावर पट्टी धरून रेघ मारायच्या. पट्टी धरून! वाकडी रेघ त्यांना सूडातही चालत नव्हती.

मी खोटं नाही बोलणार, मलाही मजा यायला लागली. संध्याकाळी त्या परत आल्या की मी विचारायची, “आज कोण?” आणि त्या सांगायच्या, “शिकवणीवाले. चार मशीन होती. चारही ठिकाणचे दात पाडले.” दोघी पार्टिशनच्या दोन बाजूंनी हसायचो. गुळगुळ्या येता-जाता आमच्या दुकानाकडे बघायचा. एकदा दारात येऊन म्हणाला, “ताई, वय झालं तुमचं. कशाला दगदग करता?” ताईंनी मान वर केली नाही. “तुझा शर्ट उसवलाय बगलेत. पुढे हिला दाखव.” मी शपथेवर सांगते, शर्ट खरंच उसवला होता, पण तो तसाच निघून गेला.

चौथ्या वर्षापर्यंत यादीतली पस्तीस नावं खोडून झाली. माझा नवरा एकदा म्हणाला, “ताई, सोड ना आता. त्याचं निम्मं दुकान बसलंय.” ताई म्हणाल्या, “निम्मं उभं आहे ना?”

त्या निम्म्यात टेलिफोनवाले भाऊ होते. रुग्णालयातल्या टेलिफोनवर बसत. जन्मापासून दृष्टी नाही. त्यांच्या कम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारा एक विकतचा प्रोग्राम होता, गुळगुळ्याकडून घेतलेला, आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता. भाऊंना काही बदलायचं नव्हतं. पण ताईंनी लावून धरलं. “भाऊ, उद्या कंपनीनं बंद केला तर काय कराल? मोकळ्यातही वाचून दाखवणारे आहेत, चांगले आहेत.” भाऊ भिडस्त माणूस. दोन वेळा नाही म्हणाले, तिसऱ्या वेळी गप्प बसले. ताईंनी ते गप्प बसणं होकारात धरलं.

प्रोग्राम चांगलाच होता, खोट त्याच्यात नव्हती. पण रुग्णालयाच्या नोंदींच्या पडद्याशी तो जुळेना. नावं वाचायचा आणि विभागाचा आकडा गाळायचा. तीन आठवडे भाऊंनी कोणाला काही सांगितलं नाही, सगळे आकडे पाठ करून काम रेटलं. मग एकदा एक फोन भलत्याच वॉर्डात जोडला गेला, आणि पलीकडच्या बाईला आपल्या नवऱ्याची बातमी वीस मिनिटं उशिरा कळली.

भाऊ काठी टेकत आमच्या दुकानात आले. मी खुर्ची पुढे केली, बसले नाहीत.

“ताई, एक विचारू? राग मानू नका. हे माझ्या सोयीसाठी बसवलंत, की त्याची जिरवायला?”

कळफलक थांबला. मीही पायडलवरचा पाय काढला. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्याची जिरवायला,” त्या म्हणाल्या.

“मला विचारायला हवं होतं,” भाऊ म्हणाले. “तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता ना, माणसाला निवडता आलं पाहिजे म्हणून.”

ते गेल्यावर ताईंनी कळफलकावर कापड टाकलं. मग उठल्या, पर्स घेतली, म्हणाल्या, “येतेस?” भाऊंचा जुना प्रोग्राम त्यांनी मशीन पुसताना घालवला होता आणि तो गावात एकाच ठिकाणी मिळत होता.

आम्हाला दारात बघून गुळगुळ्या अक्षरशः उठून उभा राहिला. “या, या! ताई! शेवटी माझ्याकडेच यावं लागलं ना?” काय हवं ते कळल्यावर तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बघा, सगळ्या गावाला फुकटचं शहाणपण शिकवतात, आणि वेळ आली की विकतचंच लागतं.”

ताईंचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “हो. या कामाला हाच लागतो. पावती कर. लायसन्सचा नंबर पावतीवर लिही आणि खाली सही कर.”

त्यानं जिंकल्याच्या धुंदीत फर्रकन लिहिलं, सही ठोकली, आणि डिस्कचं खोकं पुढे सरकवलं. ताईंनी पावती घेतली, चष्मा नाकावर चढवला, आणि खोक्यावर छापलेल्या कंपनीच्या नंबरला तिथेच काउंटरवर उभ्या राहून फोन लावला. मला खरंच वाटतं, त्यांच्या मनात तेव्हा काही नव्हतं. एकदा पोळल्या होत्या. भाऊंच्या बाबतीत पुन्हा तसं व्हायला नको, इतकंच.

“एक लायसन्स नोंदवायचंय,” त्या म्हणाल्या आणि एकेक आकडा सावकाश वाचला.

पलीकडचा माणूस म्हणाला, “हा नंबर दोन वर्षांपूर्वीच नोंदलेला आहे, मॅडम. एका शाळेच्या नावावर. तुम्हाला कोणी दिला?”

गुळगुळ्याचा हात पावतीकडे आला. ताईंनी पावती ब्लाउजमध्ये खोचली. आता घे म्हणावं! मी त्या दोन गिऱ्हाइकांच्या आणि दाराच्या मध्ये उभी होते. तीही जागची हलली नाहीत.

“ताई,” तो म्हणाला. आवाजातला गूळ पार आटला होता. “आपण घरातली माणसं. चूक झाली असेल. दुसरा नंबर देतो.”

ताईंनी फोनमध्ये सांगितलं, “लिहून घ्या. दुकानाचा पत्ता देते.” आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पत्ता दिला. त्याच्या नावातल्या वेलांट्यासुद्धा सांगितल्या, पहिली कुठली आणि दुसरी कुठली.

नवव्या दिवशी गुळगुळ्याच्या दुकानावर माणसं आली. भरदुपारी. ताईंनी खुर्ची उचलून आमच्या पायरीवर ठेवली आणि बसल्या. एकामागून एक मशीन बाहेर येत होती, ‘अधिकृत विक्रेते’ची पाटी शिडी लावून उतरवली गेली, गुळगुळ्या गर्दीतून वाट काढत प्रत्येकाला काहीतरी समजावत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मी मनात म्हणत होते, आता ताईंना कसंसं होईल. शेवटी माणूस आहे समोरचा. मी हळूच विचारलंही, “ताई, आत येता?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “मास्तर याच खुर्चीत बसले होते खोकं घेऊन. मी पूर्ण बघणार.”

आणि पूर्ण बघितलं. शेवटचा टेम्पो जाईपर्यंत. चेहऱ्यावर असं समाधान की मला त्यांच्याकडे बघवेना, आणि नजर काढवेना.

भाऊंना कंपनीनं नवा प्रोग्राम परस्पर पाठवला. ताई स्वतः जाऊन बसवून आल्या, आणि माफी मागून आल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. त्या दिवसापासून कोणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी त्या विचारायला लागल्या, “तुम्ही यावर दिवसभर करता काय?” उत्तर ऐकून कधीकधी म्हणायच्या, “मग आहे तेच बरं आहे तुमचं.” हे त्यांच्या तोंडून निघताना दात उपटल्यासारखं व्हायचं, पण म्हणायच्या.

दुकान बंद झालं आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात आली जी आधी कोणाच्याच डोक्यात नव्हती. त्याची उरलेली सगळी गिऱ्हाइकं आता कुठे जाणार? ती आमच्या दारात आली. कोणाचा प्रिंटर, कोणाचा हरवलेला पासवर्ड, कोणाचं ‘मघाशी इथंच होतं हो’. माझ्याकडे पँट घेऊन येणाऱ्याला बसायला जागा उरेना. ताई सकाळपासून त्यात, टाइपिंगचे कागद साठत चाललेले. एकदा वैतागून म्हणाल्या, “मेला गेला, आणि जाताना हे माझ्या गळ्यात बांधून गेला.” मी म्हटलं, “तुम्हीच घालवलंत ना?” तर चष्म्यावरून असं बघितलं की मी सुई ओवायला घेतली.

गुळगुळ्या गाव सोडून गेला नाही. पुलापलीकडे त्याला एका मालाच्या गोदामात हिशेबनीसाची नोकरी लागणार होती, त्याचा अर्ज टाइप करून घ्यायला तो दोन वर्षांनी आमच्याकडे आला. वाळला होता. गल्लीत टाइपिंगचं दुसरं दुकान नाही. पार्टिशनपाशी उभा राहून त्यानं कागद पुढे केला. ताईंनी तो घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, लाल पेनानं त्यातल्या सात चुका काढल्या, आणि परत दिला.

“टाइप नाही करणार?”

“नाही.”

“ताई, झालं ते झालं.”

“तुझं झालं असेल,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा खटखट सुरू केली.

तो वळला. हातात एक पिशवी होती. तीत मुलाखतीसाठी घेतलेली पँट, टाचेखाली लोळेल इतकी लांब. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी हात पुढे केला, माप घेतलं, दोन इंच वर धरून टाचण्या लावल्या, आणि अर्ध्या तासात शिवून दिली.

ताई माझ्याशी पुढचे चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या, पण एवढंच, की दुमड सरळ आली होती का.